सब्र कुणी करायचा?

"आता घरी न्या, सेवा करा." बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यांतून कर्करोगाचे रुग्ण घेऊन लोक अकोला, नागपूर, मुंबई गाठतात आणि अनेकदा हेच वाक्य घेऊन परततात. त्यातले 'घरी न्या' तेवढे ऐकू येते. 'सेवा करा' कानावरून जाते.

मेहकरजवळच्या आमच्या घरी फुफीला असेच आणले. बीमारपुर्सीला येणाऱ्यांची रीघ लागली. जो तो म्हणे, "सब्र करो." फुफी सब्र करत होती, ओठ चावून. रात्री तिचे कण्हणे शेजारी ऐकू जाई.

मॉर्फिनची गोळी असते हे उशिरा कळले. कळल्यावर घरातच वाद पेटला. नशेची गोळी ना ती? अखेरच्या घटकेला शुद्धच नसली तर कलमा कसा म्हणणार? शंका खोटी नव्हती. इमामसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "या दुखण्यात तिला कलमा आठवतो तरी का?"

गोळी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी फुफीने केस विंचरून मागितले, ताकात कालवलेल्या ज्वारीच्या कण्या चार घास खाल्ल्या आणि सुनेची चेष्टाही केली.

सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळेला औषध द्यावे, हा त्यांचा आग्रह. वेदना शरीराची असते, तशी मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, असे त्या मानत. मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती आवेदना सदन सुरू झाले. 2014 मध्ये कायदा बदलून मॉर्फिनच्या परवान्याची कटकट कमी झाली. तरी तालुक्याच्या गावी गोळी मिळेलच असे नाही, आणि मिळाली तरी आपल्या मनातला अडसर राहतोच.

फुफीच्या दुखण्याला काय अर्थ होता, हे मला आजही सांगता येत नाही. एवढे मात्र उमगले की सब्र आपण चुकीच्या माणसाकडे मागत होतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, चादर धुणे, तोच प्रश्न दहाव्यांदा ऐकून न चिडणे, हा सब्र उशाशी बसणाऱ्याचा आहे.

शेवटच्या दिवशी फुफीला बोलता येत नव्हते. सून ओल्या कापसाने तिचे ओठ टिपत होती आणि कानाशी हळू आवाजात, तिच्या वतीने, कलमा म्हणत होती.