उघडं दार
आजचं मनन: याकोब 3:1

शिकवणाऱ्याचा न्याय जास्त कडक होणार, असं याकोब बजावतो. आमच्या कामातही ज्याच्याकडे अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस, त्याची प्रत्येक कृती लॉगमध्ये जाते. अधिकार मोठा, तेवढा हिशोबही मोठा.

पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. बाई ख्रिस्ती, पण मुलींना आपापले धर्माचार पाळायची मोकळीक होती. बाई प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये वाद पेटला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी दार लावलं नाही.

पण पालकांची भीतीही मला खोटी वाटत नाही. जिच्या हातून अन्न आणि अक्षर मिळतं, तिला नाही म्हणणं सोपं असतं का? विश्वास लपवणं अप्रामाणिक, आणि लादणं त्याहून वाईट. जी मुलगी प्रार्थनेला आली नाही, तिच्या ताटात आणि पाटीवर काही कमी पडलं नाही, तरच ते दार खरं उघडं.

मित्रांनो, आपणही ज्युनिअरला, संडे स्कूलच्या मुलांना शिकवतो. जो आपलं ऐकत नाही, त्यालाही तितक्याच मनापासून शिकवतो का?

प्रभू येशू, आमच्या हातातला अधिकार तुझा आहे, हे विसरू देऊ नकोस. आमेन.