आधी सांग, कुठं निघालीस?

आमच्या शेजारची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत बारामतीला आली की रात्री तासभर ऑनलाइन खेळते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा तिचा खेळ. 2004 साली आलेला हा खेळ अजूनही जगभरचे लोक एकत्र खेळतात. त्यात जादू आहे, राक्षस आहेत, अनेक राज्यं आहेत, आणि प्रत्येक खेळाडूचं एक पात्र आहे. परवा मी तिच्याकडं वाटीभर तिळकूट द्यायला गेले, तर ती पात्राचे कपडे जमवत बसली होती. तिला नॉर्थरेंडला जायचं होतं. हा त्या खेळातला बर्फाचा खंड, 2008 मध्ये त्यात आला. आधी तिनं लोकरी कॉलरचा अंगरखा शोधला. मग त्याला शोभतील असे जाड हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट, पाठीवर झगा. टोपी तीनदा बदलली. एकीत कान उघडे राहत होते, म्हणून ती काढली. मी विचारलं, "थंडीनं तिची ताकद कमी होते का गं?" ती म्हणाली, "नाही काकू. उघड्या दंडांनी बर्फात फिरली तरी काही होत नाही. पण तिच्याकडं बघून मलाच थंडी वाजते."

तिचं हे उत्तर मला फार आवडलं. त्या खेळात 2011 पासून एक सोय आहे, असं तिनं मला समजावून सांगितलं. ताकदीचं चिलखत अंगावर तसंच ठेवायचं आणि दिसायला मात्र आपल्या मनाचा पोशाख द्यायचा. म्हणजे लोकरी कॉलरनं लढाई जिंकायला काडीची मदत होत नाही. गुण वाढत नाहीत, बक्षीस मिळत नाही. तरी तिच्यासारखे कितीतरी खेळाडू बर्फाच्या मुलखात निघताना तिथली हवा ध्यानात घेऊन पात्राला सजवतात. एखादी टोपी मिळावी म्हणून एकाच गुहेत पुन्हा पुन्हा जातात. मोठ्या माणसांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला तसं वाटलं नाही. ज्याला थंडी वाजूच शकत नाही त्याचीही थंडी आपल्याला जाणवावी, हे मन चांगलं आहे. ते जपायला हवं.

आणि हे मन आपल्याकडं नवं नाही. पुण्यात सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीला थंडीत स्वेटर घालतात, डोक्याला लोकरीची कानटोपी घालतात. ते रूप बघायला लोक मुद्दाम जातात, लहान मुलं तर हरखून जातात. पंढरपुरात कार्तिकी वारी झाली, गर्दी ओसरली, की विठुरायाला उबदार पोशाख सुरू होतो. कानाला कानपट्टी, अंगावर शाल. पाषाणाच्या मूर्तीला थंडी कशी वाजेल, असा प्रश्न आपल्या घरातल्या कुणा आजीला कधी पडला नाही. थंडी मला वाजते, मग माझ्या विठोबालाही वाजत असणार, एवढं तिला पुरतं. घरच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णालाही ती दोन बोटांचा लोकरीचा झबला विणते. त्या विणकामात सगळ्यात आधी काय येतं? दुसऱ्याच्या अंगाचा विचार. माप त्यानंतर येतं, आणि रंग तर अगदी शेवटी.

आपल्या बारामती-इंदापूर भागात थंडीचा पोशाख हा हौसेचा विषय नाही, कामाचा आहे. नीरेच्या कालव्यानं हा मुलूख भिजवला, ऊस आला, आणि पाण्याच्या रानातली थंडी आली. गावठाणात जेवढा गारठा असतो त्याहून भिजलेल्या उसात जास्त बोचतो. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची असते. मग दारं धरायला मध्यरात्री उठून जावं लागतं. त्या वेळी शेतकऱ्याचा पोशाख बघावा. आत जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर पुन्हा एक जुना सदरा, कारण उसाच्या पात्यानं स्वेटर उसवतो. कान झाकून मफलर, त्यावर टोपी. पायात गमबूट, हातात बॅटरी. यातलं काहीही एकमेकांना शोभत नाही. पण एकही वस्तू उगाच नाही. एका जाड कपड्यापेक्षा एकावर एक घातलेले दोन पातळ कपडे जास्त ऊब धरतात, कारण मधली हवा अडकून राहते. हे त्याला पुस्तकानं शिकवलेलं नाही. रात्रीच्या रानानं शिकवलं आहे. पहाटे मोटारसायकलवरून एमआयडीसीच्या पहिल्या पाळीला जाणारी पोरं छातीशी, स्वेटरच्या आत, जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवतात. समोरून येणारा वारा त्यानं अडतो. तेही याच शहाणपणातलं.

ऊसतोडीला आलेल्या बायांकडं मात्र थोडं थांबून बघायला हवं. दिवाळीच्या पुढंमागं कारखान्यांचे हंगाम सुरू होतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, अशा कारखान्यांच्या परिसरात बीड आणि इतर दुष्काळी भागांतून टोळ्या येतात. रानाच्या कडेला कोप्या पडतात. या बाया साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला फडकं घट्ट बांधतात. रस्त्यानं जाणाऱ्याला तो वेश ओबडधोबड वाटतो. खरं म्हणजे तो फार विचारानं जमवलेला असतो. बाही मनगटापर्यंत हवी, नाहीतर पातं हात कापतं. फडकं कपाळावर खाली हवं, म्हणजे कुसळ डोळ्यात जात नाही आणि पहाटेचा वारा कानात शिरत नाही. शर्ट सैल हवा, कारण मोळी डोक्यावर घेताना दोन्ही हात वर जातात. उजाडायच्या आधी फडात उतरायचं, दवानं ओल्या उसाला हात घालायचा, आणि ऊन वर आलं की त्याच कपड्यांत घाम गाळायचा. थंडी आणि ऊन दोन्हींना पुरेल असा हा पोशाख त्यांनी कुणाच्या सल्ल्यावाचून, घरात होतं त्यातून उभा केला आहे. त्यांच्या जमवाजमवीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. कोपीत मागं राहिलेल्या लेकरांना मात्र बहुधा एकच अंगरखा असतो, आणि तो मोठ्या भावाचा असतो.

थंडीच्या कपड्यांबद्दल बोलायचं आणि घोंगडीचं नाव काढायचं नाही, असं आपल्या भागात चालणार नाही. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. ती कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, मग सनगर मागावर घोंगडी विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन तिला ताठ करतात. कोकराची पहिली लोकर मऊ असते, तिला जावळ म्हणतात. जावळाची घोंगडी ज्यानं एकदा पांघरली त्याला दुसरं पांघरूण रुचत नाही. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे चाऱ्यासाठी गाव सोडून निघतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागं मेंढरं, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर घोंगडी. रात्री तीच अंथरायची, तीच पांघरायची. पाऊस आला तर तिचीच खोळ डोक्यावर घ्यायची. एका वस्त्रात एवढी कामं बसवणारा माणूस किती पुढचा विचार करत असेल! आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडं निघते, तेव्हा काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. ज्यांच्या अंगची ऊब आपण वर्षभर पांघरतो, त्या मुक्या जिवांना पालखीपुढं मानानं धावता येतं, ही आपल्या मुलखाची मोठी गोष्ट आहे. ते रिंगण बघताना माझे डोळे दर वेळी भरून येतात.

खेळातली मुलगी, देव्हाऱ्यापुढची आजी, दारं धरणारा शेतकरी, फडातली बाई आणि मेंढरांमागचा धनगर. सगळे कपडे निवडण्याआधी एकच गोष्ट विचारतात. कुठं जायचं आहे? आपण घरात बसलेलो बहुतेक उलटं करतो. कपाटात वर काय आहे ते हाताला येतं, तेच अंगावर चढतं. दारात गेल्यावर गारठा लागतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. मग दिवसभर खांदे आकसलेले, घसा धरलेला, आणि मन उगाच चिडचिडं. खरं तर एक मिनिट पुरतं. रात्री झोपण्याआधी उशाशी उद्याचे कपडे काढून ठेवावेत. ठेवताना मनातल्या मनात उद्याचा रस्ता एकदा चालून बघावा. पहाटेची एसटी आहे का? खिडकीची काच लागते का? परत यायला अंधार पडेल का? दुपारी ऊन लागलं तर काढलेला स्वेटर कशात ठेवायचा? सोपे प्रश्न आहेत. पण ते विचारणारा माणूस दिवसाला सामोरा जातो. न विचारणाऱ्याच्या अंगावर दिवस येऊन पडतो.

आणि हीच सवय हळूहळू स्वतःपलीकडं न्यावी. सकाळी घरातून जो जो बाहेर पडतो त्याच्याकडं एकदा नीट बघावं. शाळेला निघालेल्या पोराचे कान झाकलेत का? सासऱ्यांना डेअरीत दूध घालायला जायचंय, त्यांचा मफलर कुठं आहे? आपल्याकडच्या कर्त्या माणसांना स्वतःसाठी मागायची सवय नसते. आईला विचारलं तर ती म्हणते, "मला नाही लागत थंडी." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, आणि सगळ्यांनी त्यावर चटकन विश्वास ठेवलेला आहे. तो ठेवू नये. पहाटे चुलीपाशी किंवा गॅसपाशी उभी राहणारी आई गार फरशीवर अनवाणी असते. तिच्यासाठी आणलेले मोजे ती पेटीत ठेवून देईल, हे खरं. म्हणून नुसते आणून थांबू नये. तिला खाली बसवावं आणि आपल्या हातानं तिच्या पायात चढवावेत. ती नको नको म्हणेल. तरी चढवावेत.

बाहेरच्यांचंही असंच. पेपर टाकणारा मुलगा, पहाटे रस्ता झाडणाऱ्या मावशी, एटीएमबाहेर रात्र काढणारे रखवालदार काका. आपण उठतो तेव्हा यांची थंडी सोसून झालेली असते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. न दिसणारी थंडी ओळखायला थोडी कल्पना लागते. शेजारच्या मुलीकडं ती आहे. पडद्यावरच्या पात्राचे कान उघडे दिसले तर तिला चैन पडत नाही. अशी मुलगी उद्या फाटकापाशी कुडकुडणारं लेकरू बघून तशीच पुढं जाईल, असं मला वाटत नाही. परवा तिचा पोशाख पुरा झाल्यावर मी तिला आमच्या मळ्याजवळच्या कोप्यांबद्दल सांगितलं. तिनं लगेच विचारलं, "काकू, लेकरं केवढी आहेत? माप सांगा."

माप विचारणं महत्त्वाचं आहे. नकोसे झालेले कपडे गाठोड्यात कोंबून कुणाच्याही हातात देणं सोपं असतं. घेणाऱ्याला त्यातलं निम्मं उपयोगी पडत नाही, आणि त्याचा मान राहत नाही तो वेगळाच. द्यायचं तर धुऊन द्यावं. तुटलेलं बटण लावावं, अडकणारी चेन दुरुस्त करावी. पाच वर्षांच्या पोराला पाच वर्षांच्या पोराचा स्वेटर द्यावा. शक्य असेल तर बरोबर एक कानटोपी आणि मोज्यांची जोडी ठेवावी, म्हणजे पोशाख पुरा होतो. आपल्या मुलांना बरोबर न्यावं, आणि देताना त्या लेकराचं नाव विचारावं.

आपल्याकडची थंडी संक्रांतीनंतरही काही दिवस टिकते, आणि ऊसतोडीचा हंगाम तर पुढं महिना-दोन महिने चालतो. म्हणून आज कामाला निघण्याआधी कपाटाचा वरचा कप्पा एकदा उघडा. मुलांना आखूड झालेला स्वेटर तिथं नक्की असेल. तो आज उन्हात टाका आणि रविवारच्या आत जवळच्या कोप्यांवर पोचवा.