कुऱ्हाड न लावताही झाड मरते



उपवासकाळात आपण अंजिराच्या झाडाचा दाखला ऐकतो (लूक १३:६-९). तीन वर्षे फळ न देणारे झाड तोडावे, असे मालकाला वाटते. माळी मात्र त्याच्यासाठी आणखी एक वर्ष मागून घेतो. नुसती मुदत मागून तो थांबत नाही. झाडाभोवतीची माती मोकळी करण्याची आणि खत घालण्याची जबाबदारी तो स्वतःवर घेतो. झाड वाचवायचे तर त्याच्या मुळाशी वाकावे लागते, हे त्याला ठाऊक होते.

आपल्याला ते ठाऊक होते का? आपल्या चर्चच्या आवारातली चिंच आठवा. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना आपण ती तोडली नाही, ह्याचे आपल्याला समाधानच वाटले. पण बुंध्यापर्यंत सिमेंट आले, मुळांवर भराव पडला आणि खडीचे ट्रक तिच्याच सावलीत उभे राहिले. पहिल्या पावसाळ्यात ती हिरवीगार होती. दुसऱ्या वर्षी शेंडा वाळला. तिसऱ्या वर्षी ती उतरवावी लागली. तिचे वय झाले होते, असे आपण एकमेकांना सांगितले. खरे तर ती आपल्या हातून मेली.

झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. अवजड गाड्यांनी माती घट्ट झाली, वर भराव पडला की ती गुदमरतात. पायासाठी चर खणताना जेसीबी ती तोडतो. सिमेंट कालवलेले पाणी मातीचा गुण बदलते. झाड लगेच पडत नाही; दोन-चार वर्षांनी वाळते. तोवर कंत्राटदार निघून गेलेला असतो आणि दोष कुणाकडेच जात नाही.

सरकारी कायद्यालाही हे कळते. शहरी भागातील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ साली झालेल्या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणेही धरले आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला.

पवित्र शास्त्राची शिकवण तर त्याहून जुनी आहे. शत्रूच्या नगराला वेढा घातलेला असतानाही तिथल्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, अशी आज्ञा इस्राएलला मिळाली होती (अनुवाद २०:१९). युद्धात जे वर्ज्य, ते घर बांधताना कसे चालेल? पहिल्या माणसाला देवाने बागेची मशागत सोपवली, तशीच राखणही सोपवली (उत्पत्ती २:१५). मशागत आपल्या वाडवडिलांनी केली. राखण आपल्याकडे आली आहे.

वसईची हिरवाई वाचावी म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीचा लढा उभा राहिला. फादर २०२४ साली देवाघरी गेले. त्या लढ्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. तेव्हा बोट बिल्डरकडे दाखवता येत होते. आज वाडी मोकळी करून बंगला बांधणारे, भावाभावांत वाटणी करून आंबा आडवा करणारे आपणच आहोत. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ परिपत्रकात पर्यावरणासाठी अंतःकरणाचे परिवर्तन मागितले, ते आपल्याचकडून.

धर्मशिक्षणाच्या वर्गांसाठी आपण नवी इमारत बांधणार आहोत. त्या जागेवर एक आंबा आणि दोन फणस उभे आहेत. ते राखायचे तर आराखडा थोडा सरकवावा लागेल, एक वर्ग लहान होईल, खर्चही वाढेल. मुलांना निर्मात्याविषयी शिकवण्यासाठीच ती इमारत आहे, हे लक्षात ठेवून आपण निर्णय घेऊ या.

घरी बांधकाम काढणाऱ्यांनीही एवढे करावे. जेसीबी येण्याआधी झाडे मोजून नकाशावर दाखवावीत. फांद्यांच्या घेराएवढी जागा बांबू रोवून, पत्रे लावून बंद करावी. त्या कुंपणात रेती, विटा, भराव टाकू नये, गाडी उभी करू नये, सिमेंट कालवू नये. बुंध्याला खिळे ठोकू नयेत. उन्हाळ्यात पाणी घालावे. आणि ह्या अटी कंत्राटदाराच्या करारात लिहून घ्याव्यात. तोंडी सांगितलेले कामाच्या घाईत विसरले जाते.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपण त्या आंब्याखाली जमू या. ज्यांना सुतळी आणि खुंट्या आणता येतील त्यांनी आणाव्यात. फांद्यांचा घेर आपण स्वतःच आखू.

हे प्रभो, त्या माळ्याचा धीर आणि त्याचे कष्टाळू हात आम्हांला दे. जे आम्ही लावले नाही, ते राखण्याची बुद्धी दे. आमेन.