फोन माझा, क्रमांक कुणाचा?

बोईसरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पाळी सुटली की तारापूर एमआयडीसीतले कामगार येतात. कुणाला फोनमध्ये वेगळं सॉफ्टवेअर टाकून हवं असतं. मला त्यात पाप दिसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या ढवळाढवळीबद्दल आहे; इथे मालक समोर स्टुलावर बसलेला असतो. वॉरंटी गेली तर त्याची.

आयएमईआय बदलून मागणाऱ्याला मात्र मी परत पाठवतो. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की दिसणारा तो १५ आकडी क्रमांक. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याच्याशी छेडछाड केली तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. त्याची भीती आहेच. पण मला अडवतं ते अस्तेय. जैन अणुव्रतांत न दिलेलं घेणं हीच चोरी. कंपनीने काच विकली, बॅटरी विकली; क्रमांक मात्र इतरांनी फोन ओळखावा म्हणून असतो. लोकलच्या गर्दीत गेलेला फोन सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर बंद होतो तो त्याच्याच आधारे. तो मी बदलला, तर त्या प्रवाशाची शेवटची आशाही मी चोरली.

आणि फोन खरोखर मागणाऱ्याचाच असेल तर? तरीही नाही. ओळखीवर एकट्या मालकाचा हक्क नसतो.

हाच निकष कंपन्यांनाही लावावा. बाहेरून स्क्रीन बदलली की काही फोन इशारे दाखवत राहतात. पूर्ण पैसे घेऊन विकलेल्या वस्तूवर ताबा ठेवणं मला अस्तेयात बसत नाही, आणि गिऱ्हाइकाला मी ते स्पष्ट सांगतो.