सिझेरियननंतरचा प्रसव आणि ज्येष्ठपणाचा प्रश्न

पहिले मूल आईचे पोट चिरून बाहेर काढले आणि पाठचे मूल नेहमीच्या वाटेने जन्मले, तर त्या दोघांत ज्येष्ठ कोणाला म्हणायचे? सिझेरियननंतर नॉर्मल बाळंतपण करावे की नाही, हा आज डॉक्टर आणि गरोदर बाईपुढचा प्रश्न आहे. ज्यू धर्मशास्त्राने मात्र ते होते असे धरून त्याच्या पुढचा प्रश्न अठराशे वर्षांपूर्वीच विचारून ठेवला. इ. स. २०० च्या सुमारास रब्बी यहुदा हनासी यांनी मिश्ना हा धर्मनियमांचा संग्रह सिद्ध केला. त्यातील ‘बेखोरोत’ हे प्रकरण ज्येष्ठ अपत्यांविषयी आहे आणि त्याच्या आठव्या अध्यायात हा पेच येतो. तिथले पहिले उत्तर असे, की दोघांपैकी कोणीच ज्येष्ठ नाही. रब्बी शिमोन यांचे मत वेगळे आहे. त्यांच्या मते पहिला वारशापुरता ज्येष्ठ, तर दुसरा याजकाला द्यायच्या पाच नाण्यांपुरता.

ज्येष्ठपणाचे असे दोन भाग पडतात, कारण तोरा या मूळ धर्मग्रंथातच तो दोन ठिकाणी, दोन नात्यांनी येतो. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात ज्येष्ठ म्हणजे बापाच्या पुरुषत्वाचे पहिले फळ. इस्टेटीत त्याला दुप्पट वाटा मिळतो. ‘निर्गम’च्या तेराव्या अध्यायात ज्येष्ठ म्हणजे आईचे उदर प्रथम उघडणारा मुलगा. तो देवाचा मानला जातो आणि ‘गणना’ या पुस्तकानुसार महिन्याचा झाला की पाच शेकेल देऊन त्याला सोडवावे लागते. या विधीला ‘पिद्योन हाबेन’ म्हणतात. एकतिसाव्या दिवशी बाळाला, पुष्कळदा दागिन्यांनी सजवलेल्या तबकात घालून, याजककुळातील म्हणजे कोहेन घराण्यातील माणसापुढे आणतात. तुला मुलगा हवा की पाच नाणी, असे कोहेन विचारतो. बाप मुलगा मागतो, शंभरएक ग्रॅम चांदीची नाणी कोहेनच्या हातावर ठेवतो आणि बाळ घरचे होते. विधुराने आधी मूल न झालेल्या बाईशी लग्न केले, तर तिचा पहिला मुलगा कोहेनच्या दृष्टीने ज्येष्ठ असतो. बापाला आधीचे मुलगे असतील तर वारशाच्या दृष्टीने नसतो. तेव्हा एका अर्थाने ज्येष्ठ आणि दुसऱ्या अर्थाने नाही, ही स्थिती शास्त्राला नवी नव्हती.

सिझेरियनने नेमका याच जागी गुंता केला. पहिला मुलगा आधी आला खरा, पण त्याने आईचे उदर उघडले नाही. ते सुरीने उघडले. दुसऱ्याने ते उघडले, पण तो आधी आला नाही. याच प्रकरणात जनावरांच्या पहिल्या विताविषयी हाच प्रश्न येतो आणि तिथे रब्बी अकिवा कारण थोडक्यात सांगतात: पहिले नाही, कारण त्याने उदर उघडले नाही, दुसरे नाही, कारण त्याच्या आधी दुसरे आले. वारशाच्या बाबतीतही बहुमत पहिल्याला बाजूला ठेवते. ‘अनुवाद’मधल्या वचनात बायकांनी मुलगे ‘प्रसवले’ असा उल्लेख आहे, आणि पोट चिरून काढलेले मूल आईने प्रसवले असे म्हणता येत नाही, हा त्यांचा आधार. वादाचे मूळ ‘बेखोरोत’वरील तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चाग्रंथात, उघड होते. एकाच गोष्टीत पहिला असणारा पहिला मानायचा का? रब्बी शिमोन म्हणतात, मानायचा. बहुमत म्हणते, नाही. एकाच बाबतीत पहिला असणे पुरेसे नाही, सर्व अर्थांनी पहिला असला पाहिजे. रब्बी शिमोन यांच्या मताने दोन्ही भावांना काहीतरी मिळते, म्हणून ते वरकरणी उदार वाटते. तरी टिकले ते बहुमताचे मत. धर्मशास्त्रकार मायमोनिडीस (११३८–१२०४) यांच्या संहितेत तेच आहे, १५६५ मध्ये छापलेल्या योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरुख’ या नियमग्रंथात तेच आहे. आज जेरुसलेममध्ये असो वा रायगड-मुंबईच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात, शास्त्राचा नियम एकच: सिझेरियनने झालेल्या मुलासाठी पिद्योन हाबेन नाही, आणि त्याच्या पाठीवर नॉर्मल झालेल्या मुलासाठीही नाही.

मिश्नाकारांनी हे प्रत्यक्ष पाहिले होते का? स्वतः वैद्य असलेल्या मायमोनिडीस यांचा त्यावर विश्वास नव्हता. पोट फाडल्यावर बाई जगते आणि पुन्हा गरोदर राहते, हे म्हणणे त्यांना फार विचित्र वाटले. म्हणून त्यांनी मिश्नाचा अर्थ जुळ्यांना लावला: एक कुशीतून काढले, दुसरे वाटेने आले आणि मग आई गेली. त्यांच्या काळात ही शंका रास्तच होती. युरोपात १५०० च्या सुमारास याकोब नुफर या स्विस डुकरे खच्ची करणाऱ्याने आपल्या बायकोचे पोट चिरून मूल काढले, ती जगली आणि पुढे तिला नेहमीच्या वाटेने आणखी मुले झाली, अशी कथा आहे. पण ती लिहिली गेली सुमारे ऐंशी वर्षांनी, आणि इतिहासकार तिच्यावर फारसे विसंबत नाहीत. गर्भाशयाची जखम शिवायची पद्धत १८८२ मध्ये लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी रूढ केली. तोपर्यंत जखम बहुधा तशीच सोडत आणि आई बहुधा रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने मरे. तेव्हा मिश्नातील वाद हे त्या काळच्या सुइणींच्या अनुभवाचे टिपण नसावे. नियमाची कड कुठे संपते, ते शोधण्यासाठी शास्त्राने घेतलेले टोकाचे उदाहरण म्हणून ते पाहिले, तर त्याचे मोल कमी होत नाही. उलट वैद्यक तिथवर पोचले तेव्हा उत्तर तयार होते.

वैद्यकाने मात्र बराच काळ उलटा नियम पाळला. १९१६ मध्ये न्यूयॉर्कचे एडविन क्रेगिन यांनी एकदा सिझेरियन झाले की पुढेही सिझेरियनच, असे सूत्र मांडले. त्या वेळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेत आणि कळा सुरू झाल्यावर तो व्रण फाटण्याची भीती मोठी असे. पुढे ग्लासगोचे मन्रो कर यांनी खालच्या पातळ भागावरचा आडवा छेद पुढे आणला आणि ती भीती पुष्कळ कमी झाली. आज असा एकच आडवा व्रण असलेल्या बाईने कळांची वाट पाहायची ठरवली, तर साधारण चारांपैकी तिघींचे बाळंतपण नॉर्मल होते. व्रण फाटण्याचा धोका दोनशेत एक असा सांगितला जातो. कळा औषधाने आणल्या तर तो दोन-तीन पटींनी वाढतो. म्हणूनच अशी बाळंतपणे ऑपरेशन थिएटर आणि रक्त हाताशी असलेल्या जागीच करतात.

याच आकड्यांच्या पोटात नैतिक प्रश्न आहे. ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शिकेनुसार कळांची वाट पाहिली, तर प्रसवाशी निगडित बाळाच्या मृत्यूचा धोका दहा हजारांत चार असतो. ठरवून केलेल्या दुसऱ्या सिझेरियनमध्ये तो दहा हजारांत एक असतो. आईच्या मृत्यूचा धोका मात्र उलट झुकतो, लाखात चार आणि लाखात तेरा. म्हणजे एका वाटेने बाळाला किंचित अधिक धोका, दुसरीने आईला. मिश्नाच्या ‘ओहालोत’ प्रकरणाचा दंडक स्पष्ट आहे: अडलेल्या बाईचा जीव जात असेल तर तो आधी वाचवायचा, आणि बाळाचा बहुतेक भाग बाहेर येईपर्यंत तिचाच जीव वरचढ. पण तो दंडक समोर उभ्या राहिलेल्या मरणासाठी आहे. हजारांत आणि लाखांत मोजल्या जाणाऱ्या शक्यतांना तो जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल. दहा हजारांत चार हा धोका साधारण पहिलटकरणीच्या बाळाइतकाच आहे, आणि पहिलटकरणीला कोणी त्यासाठी दोष देत नाही. सर्वजण ज्या धोक्यातून जातात, तिथे देवाच्या राखणीवर भरवसा ठेवायला तालमुद मोकळीक देतो. ढगाळ दिवशी सुंता करण्याच्या संदर्भात हा विचार येतो. मात्र आधीचा छेद उभा असेल आणि डॉक्टर नेमका धोका दाखवत असेल, तर हा भरवसा तोकडा पडतो.

धार्मिक ज्यू कुटुंबांत हा विचार अधिक निकडीचा होतो, कारण तिथे सहा-सात मुले असणे नवलाचे नाही. वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असेल, तर ती गर्भाशयाच्या भिंतीत रुतून बसण्याचा धोका पहिल्या सिझेरियनला शंभरात तीन असतो, दुसऱ्याला अकरा आणि तिसऱ्याला चाळीस. त्यात गर्भाशय काढावे लागू शकते. तरीही मोठ्या कुटुंबाची इच्छा हा बाईवरचा हुकूम होऊ शकत नाही. ‘फलद्रूप व्हा’ ही आज्ञा मिश्नाच्या बहुमतानुसार पुरुषाला आहे, बाईला नाही. द्विन्स्कचे रब्बी मेइर सिमखा (१८४३–१९२६) यांनी ‘मेशेख होखमा’ या भाष्यात याचे कारण दिले आहे: बाळंतपणात बाईचा जीव पणाला लागतो, आणि जिवावरचा भार तोरा कोणावर लादत नाही. तेव्हा कळांची वाट पाहायची की पुन्हा टाके घालून घ्यायचे, हे डॉक्टरकडून पूर्ण माहिती घेऊन तिनेच ठरवायचे. नवऱ्याने, सासूने किंवा रब्बीने नव्हे.

पिद्योन हाबेन हुकल्याची रुखरुख काही आईबापांना लागते. पहिल्याच्या वेळी सिझेरियन झाले, निदान दुसऱ्याच्या वेळी तरी नॉर्मल होऊन विधी करता यावा, अशी त्यांची आशा असते. बहुमताचा निर्णय ती आशा मुळातच मिटवतो, आणि त्याचा मोठा उपकार इथे दिसतो. दुसरे मूल कोणत्याही वाटेने आले तरी ना नाणी द्यायची, ना मान मिळवायचा. बाईने अमुक रीतीनेच बाळंत व्हावे म्हणून तिच्यावर दडपण आणायला शास्त्रात आधारच उरत नाही. रब्बी शिमोन यांचे मत टिकले असते, तर तो उरला असता.

वाटेवर एक गोष्ट मात्र अवलंबून राहते, ती म्हणजे सुंतेचा दिवस. ‘लेवीय’च्या बाराव्या अध्यायात बाळंतिणीच्या विटाळाचे दिवस आणि आठव्या दिवसाची सुंता लागोपाठ येतात. ‘निद्दा’ प्रकरणानुसार सिझेरियन झालेल्या आईला ते दिवस नाहीत. यावरून तिच्या मुलाचा आठवा दिवस शब्बाथवर, म्हणजे शनिवारी आला, तर सुंता रविवारवर ढकलतात, कारण शंका असताना शब्बाथ मोडायचा नाही. त्याच्या पाठचा नॉर्मल झालेला मुलगा मात्र या बाबतीत इतर कोणत्याही मुलासारखा असतो: तो शनिवारी जन्मला, तर त्याची सुंता पुढच्या शनिवारीच होते.