स्पर्श कोणाचा हरपला?

आदिलाबाद जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या बाईची बोटे पाहावीत. बोंडाचे वाळलेले टोक टोचले की बोट आपोआप मागे येते व पुन्हा जपून आत शिरते. त्वचेतील मज्जातंतूंची टोके दाब, कंप, उष्णता, वेदना निरनिराळ्या टिपतात व मेंदूला कळवितात. हलक्या, संथ कुरवाळण्याला जागे होणारे तंतूही दंडासारख्या केसाळ त्वचेत असतात. देवाने केवढी तजवीज करून ठेविली आहे!

कुष्ठरोगाचा जंतू या तंतूंवरच घाला घालतो. बोटे रोगाने सडून झडतात, अशी पूर्वी समजूत होती. १९४६ साली वेल्लोरला आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की ती बहुधा न कळलेल्या जखमांनी जातात. तापलेले पातेले फडक्यावाचून उचलले, काही वाटले नाही. संध्याकाळी फोड दिसला. जी वेदना टळावी म्हणून आम्ही प्रार्थना करितो, तीच हाताची राखण करीत असते. संडेस्कूलच्या शिक्षकांनी मुलांना हे अवश्य सांगावे.

परंतु आम्हांला कोडे पडते ते दुसऱ्याच हाताचे. त्याचे सारे तंतू शाबूत आहेत, तरी तो आखडतो. हस्तांदोलनाने हा रोग जडत नाही. औषधोपचार सुरू झाल्यावर तर रुग्णापासून संसर्गाचे भय थोड्याच अवधीत सरते. निजामाबाद जिल्ह्यात डिचपल्ली येथे १९१५ साली डॉ. इझाबेल केर यांनी कुष्ठरुग्णांसाठी इस्पितळ उभारिले, तेव्हा असे औषध नव्हते. तरी त्यांनी रुग्णांना हात लाविला. ख्रिस्ती लोकांच्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. तेही २०१९ साली वगळले गेले. म्हणजे सरकारनेही अंतर कमी केले.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील क्रम पाहावा. प्रभूने आधी हात लाविला, शुद्धी मागून झाली. केवळ शब्दाने बरे करणे त्याला अशक्य नव्हते. आमच्याकडे मात्र शुद्धी होऊन वर्षे लोटली तरी स्पर्श पोहोचत नाही. उपासना संपल्यावर सगळे एकमेकांचे हात हाती घेतात. शेवटच्या बाकावरच्या, बरे झालेल्या भावाला आम्ही लांबूनच नमस्कार करितो. हा आदर की सुटका, हे ज्याचे त्याला ठाऊक. त्याचा पंजा बधिर असेलही. पण हा जंतू शरीराचे थंड भाग अधिक पसंत करितो, म्हणून खांद्यावर ठेविलेला हात त्याला बहुधा नीट कळेल.