ड्रॅगन बॉल जीटी आणि न मोजलेला निरोप

१९ नोव्हेंबर १९९७ रोजी जपानमध्ये फुजी टीव्हीवर 'ड्रॅगन बॉल जीटी'चा ६४वा आणि शेवटचा भाग दाखवला गेला. त्यात सोन गोकू, म्हणजे दहा-अकरा वर्षं दर आठवड्याला जपानी घरांत येणारा नायक, शेनरॉन या ड्रॅगनच्या पाठीवर बसून निघून जातो. कुठे जातो, का जातो, जिवंत आहे की नाही, काहीच सांगत नाहीत. या निरोपाबद्दल चाहत्यांमध्ये गेली कित्येक वर्षं एक ठरलेलं उत्तर मिळतं : "ते कॅनन नाही." म्हणजे ते घडलंच नाही, धरू नका.

मला हे उत्तर नेहमी विचित्र वाटत आलं आहे. गोकू मुळातच नव्हता. त्याचं जाणंही नव्हतं आणि राहणंही नव्हतं. मग एका काल्पनिक माणसाचं एक जाणं 'खरं' आणि दुसरं 'खोटं' कसं ठरतं? आणि ते खोटं ठरल्यावर, ते पाहताना ज्याच्या घशात आवंढा आला त्याचं काय करायचं?

ज्यांनी यातलं काही पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अकिरा तोरियामाचा 'ड्रॅगन बॉल' हा मांगा १९८४ ते १९९५ या काळात 'शोनेन जंप' साप्ताहिकात आला, ५१९ प्रकरणं. सात गोळे गोळा केले की ड्रॅगन प्रकट होतो आणि एक इच्छा पूर्ण करतो, ही मूळ कल्पना. त्यावरचं दुसरं ॲनिमे, 'ड्रॅगन बॉल झी', ३१ जानेवारी १९९६ ला संपलं. आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर लागायचं ते हेच. ७ फेब्रुवारीला, म्हणजे बरोब्बर एका आठवड्यानं, त्याच वाहिनीवर जीटी सुरू झालं. मूळ मांगा संपला होता, लेखक थकला होता, पण वाहिनी आणि तोएई स्टुडिओ थांबायला तयार नव्हते. तोरियामानं नाव दिलं, लोगो दिला, मुख्य पात्रांची सुरुवातीची रेखाटनं दिली. कथा तोएईच्या लोकांनी रचली.

ती कथा बऱ्याच ठिकाणी वाईट आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. पहिल्याच भागात पिलाफच्या तोंडून चुकून निघालेल्या वाक्यामुळे गोकू पुन्हा लहान मूल होतो. मग गोकू, त्याची नात पॅन आणि ट्रंक्स असे तिघे विश्वभर गोळे शोधत हिंडतात, कारण वर्षाच्या आत ते परत आणले नाहीत तर पृथ्वी फुटणार. हे पहिले सोळा भाग इतके रेंगाळतात की २००३ मध्ये अमेरिकी वितरकानं ते सरळ गाळून मालिका पुढूनच दाखवायला सुरुवात केली. सुपर १७वाला मधला तुकडा तर घाईत उरकल्यासारखा आहे. आणि पॅन! झीच्या शेवटी चार वर्षांची ही पोर स्पर्धेत मोठमोठ्या पहिलवानांना लोळवते. जीटीत ती ६४ भाग आजोबांच्या मागे रुसत-ओरडत फिरते आणि एकदाही सुपर सायन होत नाही. तिच्यावर अन्याय झाला, असं चाहत्यांपैकी अनेकजण म्हणतात ते मला पटतं. एखाद्या पात्रावर अन्याय झाला असं वाटणं ही पोरकट गोष्ट नाही. ते पात्र कसं आहे हे आपल्याला आधी कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि नंतरचा लेखक तो शब्द पाळत नाही.

पण शेवटच्या सतरा भागांत जीटीला एक गोष्ट सुचते, जी मूळ मांगालाही सुचली नव्हती. गोळे इतक्या वेळा वापरले गेले आहेत की त्यांत मळ साठला आहे, आणि त्यातून सात काळे ड्रॅगन जन्माला येतात. प्रत्येक ड्रॅगन एका जुन्या इच्छेतून आलेला. एक येतो बोराला जिवंत करण्याच्या इच्छेतून. बोरा कोण? छोट्या उपाचा बाप. गोकू लहान असताना त्यानं त्या पोराच्या बापासाठी गोळे शोधून काढले होते. एक येतो स्वतः गोकूला परत आणण्याच्या इच्छेतून. एक दुष्ट पिकोलो दायमाओनं मागून घेतलेल्या तारुण्यातून. आणि एक, अगदी तोरियामाच्या विनोदाला साजेसा, ऊलोंगनं ऐनवेळी मागितलेल्या बायकी चड्डीतून. म्हणजे चांगली इच्छा, स्वार्थी इच्छा आणि मूर्ख इच्छा, सगळ्यांचं बिल एकत्रच येतं.

या मालिकेत मरण म्हणजे काय होतं हे लक्षात घ्या. क्रिलिन मेला, आला. गोकू मेला, आला, पुन्हा मेला, पुन्हा आला. झीच्या शेवटाकडे तर जवळपास अख्खी पृथ्वी एका इच्छेत परत येते. प्रेक्षक म्हणून आपण या सोयीला इतके सरावलो होतो की कुणी मेलं की पुढचा प्रश्न 'गोळे कुठायत?' एवढाच असायचा. जीटी पहिल्यांदा विचारतं की ही सोय फुकट होती का. एका मुलाला त्याचा बाप परत मिळाला, यातही काही देणं लागत असेल तर ते कुणी द्यायचं? मला हा प्रश्न नैतिकदृष्ट्या खराखुरा वाटतो, कारण त्यात कुणी खलनायक नाही. बोराला परत आणणं बरोबरच होतं. आज पुन्हा तीच वेळ आली तरी गोकू तेच करील. तरीही बिल येतं.

शेवटी शेनरॉन कुणी न बोलावता येतो. गोकू त्याला एकच शेवटची गोष्ट मागतो, मेलेल्या लोकांना परत आण, आणि मग त्याच्याबरोबर निघतो. वाटेत क्रिलिनकडे थांबून जुन्या दिवसांसारखी थोडी मारामारी करतो. पिकोलो नरकात आहे. काळ्या गोळ्यांचा धोका कायमचा संपावा म्हणून तो आपणहून फुटणाऱ्या पृथ्वीवर मागे राहिला होता. त्याच्या हाताला हात लावतो. मग ड्रॅगनच्या पाठीवर आडवा होतो आणि सातही गोळे त्याच्या अंगात विरून जातात. पुढचं दृश्य शंभर वर्षांनंतरचं आहे. म्हातारी पॅन स्पर्धेच्या मैदानात बसली आहे, तिच्या डोळ्यांसमोर गोकू आणि व्हेजिटा यांचे वंशज लढतायत. तिला गर्दीत क्षणभर आजोबा दिसतात. ती उठून शोधायला जाते, तोवर तिथे कुणी नसतं.

म्हणजे गोळे गेले. यापुढे या जगात जो मरेल तो मेला. ड्रॅगन बॉलला जेवढे शेवट मिळाले, त्यांत मेलेल्याला परत आणण्याची ताकद परत करून टाकणारा हा एकच शेवट आहे. चाहत्यांनी नेमका तोच 'घडला नाही' म्हणून रद्द केला.

कॅनन हा शब्द आला चर्चमधून, कुठले ग्रंथ प्रमाण मानायचे हे ठरवण्यासाठी. गंमत म्हणजे कथांच्या चाहत्यांनी तो उचलला तो आधी थट्टेनं : १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्सनं शेरलॉक होम्सच्या कथांची बायबलच्या अभ्यासकांसारखी चिकित्सा करून दाखवली. आज ती थट्टा राहिलेली नाही. लोक गंभीर चेहऱ्यानं भांडतात.

मराठी वाचकाला यासाठी दुसरा शब्द ठाऊक आहे : प्रक्षिप्त. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा व्यासांचा लेखनिक म्हणून बसलेला गणपती मूळ संहितेतून बाहेर काढावा लागला. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारते, तेही गेलं. पण गेलं कुठे? तळटिपांत आणि परिशिष्टांत. कुठल्या हस्तलिखितात काय होतं ते तिथं नोंदवलेलं आहे. संपादक म्हणाले की हे नंतरचं आहे. हे नव्हतंच असं ते म्हणाले नाहीत. द्रौपदीच्या त्या नकारावर आपल्याकडे किती नाटकं-कादंबऱ्या उभ्या राहिल्या हे वेगळं सांगायला नको.

आमच्या धंद्यात एखादी ब्रँच मुख्य कोडमध्ये मर्ज होत नाही. त्याचा अर्थ एवढाच असतो की ती मर्ज झाली नाही. ती वाईट होती, की फक्त उशिरा आली, की मॅनेजर बदलला, हे त्यावरून कळत नाही. 'कॅनन नाही' हेही खरं तर एवढंच छोटं विधान असायला हवं : पुढच्या कथेत हे गृहीत धरलेलं नाही. पण वापरताना त्यात दुसरं एक विधान लपून येतं, की याला किंमत नाही. पहिलं वस्तुस्थितीबद्दल आहे, दुसरं मूल्याबद्दल, आणि पहिल्यावरून दुसरं निघत नाही.

यावर उत्तर येतं की किंमत लेखक ठरवतो. तोरियामानं लिहिलेलं नाही ना, मग सोडा. पण तोरियामा स्वतः इतका कडक नव्हता. गोकूचा बाप बार्डॉक हा १९९० च्या एका टीव्ही विशेष भागातला. ती कथा तोरियामाची नव्हती. त्याला ती आवडली आणि त्यानं बार्डॉकला आपल्या मांगात जागा दिली. २०१४ मध्ये मात्र त्यानं बार्डॉकची गोष्ट स्वतः नव्यानं लिहिली, जास्त मायाळू बापाची. म्हणजे बाहेरून आलेलं पात्र आत घेणारा तोच आणि त्याची पहिली गोष्ट बाजूला सारणाराही तोच. बार्डॉकची जुनी गोष्ट अधिक आवडणारे चाहते आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांना तिथं लेखकाचा शब्द अडचणीचा वाटत नाही. जीटीबद्दल तर तोरियामानं नंतर ती मूळ ड्रॅगन बॉलची एक भव्य उपकथा आहे अशा अर्थाचं लिहिलं. उपकथा म्हटलं, खोटी म्हटलं नाही.

आमच्या हॉस्टेलच्या लॅनवर कुणीतरी जीटी 'फिलर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकून ठेवलं होतं. त्याच सुमारास, जुलै २०१५ पासून, 'ड्रॅगन बॉल सुपर' सुरू झालं होतं आणि त्याची कथा जीटी नसल्यासारखी पुढे निघाली होती. सुपरचा शेवट मला आवडतो. ॲन्ड्रॉइड १७ स्पर्धा जिंकतो आणि पुसून टाकलेली सगळी विश्वं परत मागतो, स्वतःसाठी काही न मागता. मार्च २०१८ मध्ये मेक्सिकोत हे शेवटचे भाग चौकांत मोठे पडदे लावून दाखवले गेले. परवानगी दिलेली नाही असं तोएईनं जाहीर केलं, तरी हजारो लोक जमले. आपल्या गावच्या चौकात इतक्या अनोळखी लोकांबरोबर एकाच वेळी ओरडणं यात काय आनंद असेल, ते क्रिकेट पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पण त्या शेवटात काहीच गेलेलं नाही. विश्वं पुसली गेली, परत आली, हिशेब शून्य. पुढे मांगा चालू, सिनेमे चालू. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खेळणी आणि गेम विकायचे तर गोकू जाऊन चालत नाही, हे मला कळतं. मला खटकतं ते आपलं, चाहत्यांचं. कंपनीला गोकू परत हवा होता तो धंद्यासाठी. आपण तिच्या निर्णयाला 'हेच खरं घडलं' असा दर्जा देऊन टाकला, आणि ज्यांना निरोप लागला होता त्यांना सांगितलं की तुमचं दुःख चुकीच्या फाइलवर झालं. शेनरॉनला बोलवावं तसं आपण कॅननला बोलावतो. एक वाक्य उच्चारलं की गेलेला परत.

उलट बाजूही आहे. जीटी नाकारणाऱ्यांतल्या काहींना गोकू जायलाच नको होता, आणि हे म्हणायची लाज वाटते म्हणून ते कॅननचा आधार घेतात. त्यांनी सरळ तसं म्हटलं तर माझं भांडण संपेल. "मला हा शेवट नको" हे प्रामाणिक वाक्य आहे. त्यावर बोलता येतं. कदाचित पॅनबद्दल, कदाचित बापाबद्दल, जे काय निघेल ते. "तो शेवट नाहीच" या वाक्यापुढे बोलायला काही उरत नाही.

१ मार्च २०२४ ला तोरियामा गेला. ६८ वर्षांचा होता. आठवड्यानं बातमी बाहेर आली, आणि त्या दिवसांत चाहते एकमेकांना जी चित्रं पाठवत होते त्यांत ड्रॅगनच्या पाठीवर पाठमोरा बसलेला गोकू होता. सुपरमधलं असं एकही दृश्य त्या कामाचं नव्हतं, कारण सुपरमध्ये कुणी जातच नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'ड्रॅगन बॉल डायमा' आलं, कथा आणि रेखाटनं तोरियामाची. गोकू पुन्हा लहान मूल झालेला, आणि शेवटाकडे तो सुपर सायन ४ होतो, म्हणजे तेच रूप जे कात्सुयोशी नाकात्सुरूनं जीटीसाठी काढलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये विसाव्या भागावर डायमा संपलं, आणि लगेच नवा वाद सुरू झाला : कथेच्या काळानुसार डायमा सुपरच्या आधी येतं, मग गोकूकडे ही ताकद होती तर बीरुसशी लढताना त्यानं ती का वापरली नाही? लोक तक्ते काढून सिद्ध करतायत की दोहोंतलं एक घडलेलं नाही. कुठलं, यावर अजून एकमत नाही.